गोडाला पान, साखरेला माप

मराठी घरांत साखरेवरून सध्या दोन पक्ष पडलेले दिसतात. एकाने साखर सोडलेली असते, किंवा येत्या सोमवारपासून सोडायचं ठरवलेलं असतं. दुसरा ‘एकाने काय होतंय, घ्या हो’ म्हणत ताटात जिलेबी वाढत असतो. पहिल्याला साखर विष वाटते, दुसऱ्याला गोड नाकारणं म्हणजे घासाचा अपमान वाटतो. मधल्या मधे बहुतेक माणसं एक दिवस कडक पथ्य पाळतात, दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा खोका संपवतात आणि तिसऱ्या दिवशी स्वतःला बोल लावतात.

या ओढाताणीमागची भीती अनाठायी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज त्यात मांडलेला आहे. सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळलं : प्रौढांमध्ये २६.४ टक्के, म्हणजे दर चौघांत एकाहून जास्त. ज्या घरात मधुमेह नाही असं घर आता शोधावं लागतं.

अशा काळात गोडाशी कसं वागावं, या प्रश्नावर आहारशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र आणि आपला स्वयंपाक या सगळ्यांचं काही ना काही म्हणणं आहे. ते एकत्र पाहिलं की एक गोष्ट ठळक होते. सणाच्या पुरणपोळीने आपलं फारसं बिघडवलेलं नाही. बिघडवलंय ते रोजच्या, कुणी न मोजलेल्या साखरेने. तेव्हा गोडाशी नातं सुधारायचं तर सणाच्या गोडाला पानात मानाने जागा द्यावी आणि रोजच्या साखरेला माप लावावं. पुढचं सगळं विवेचन याच दोन गोष्टींभोवती आहे.

गोडाची जागा ठरलेली होती

आपल्या पंचांगात गोडाच्या तारखा ठरलेल्या आहेत. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, नागपंचमीला दिंड, गणपतीला उकडीचे मोदक, दिवाळीला लाडू-करंज्या. गोव्यात आणि तळकोकणात हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या श्रावणात होतात. एरवी गोड म्हणजे पाहुण्याच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी.

या पदार्थांची घडण पाहिली तर आणखी काही ध्यानात येतं. पुरणात गुळाइतकीच हरभऱ्याची डाळ असते. तिळगुळात तीळ असतात, मोदकात ओलं खोबरं. म्हणजे साखरेबरोबर प्रथिनं, स्निग्धांश आणि चोथाही पोटात जातो. हे गोड जेवणात, पानात वाढलं जायचं. कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर, वरण-भात यांच्या संगतीत. आणि त्याला कष्ट फार. डाळ शिजवा, गूळ घालून आटवा, पुरणयंत्रातून काढा, कणीक तिंबा, एकेक पोळी लाटा. ज्या पदार्थाला बाईची अर्धी सकाळ लागते तो रोज होत नाही. कष्टच माप ठरवत असत.

पैशाचंही माप होतं. साखर रेशनवर मिळण्याचे दिवस आजच्या साठी-सत्तरीतल्या पिढीला चांगले आठवतात. महिन्याची साखर ठरलेली, त्यातच चहा आणि त्यातच पाहुणे. दुसरीकडे याच महाराष्ट्राने साखर मुबलक करायला मोठा हातभार लावला. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या लोणी इथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं. पुढे कारखान्यांची रांग लागली. त्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत शाळा, दवाखाने, रस्ते आले, हे विसरून चालणार नाही. पण त्याच ओघात साखर ही जपून वापरायची चीज राहिली नाही. आज देशात दरडोई वर्षाला सुमारे २० किलो साखर खपते. त्यातला मोठा वाटा घरच्या डब्यातून न येता कारखान्यांत तयार झालेल्या खाद्यपदार्थांतून आणि पेयांतून येतो.

आता ती कुठून येते

पहिला मार्ग चहाचा. पुण्यातल्या एखाद्या अमृततुल्यसमोर उभं राहून पाहावं. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, कुटलेलं आलं आणि वेलची एकत्र उकळत असते. चहापत्ती पडते, रंग येतो आणि कापडाच्या गाळण्यातून चहा किटलीत उतरतो. साखर आधीच पातेल्यात पडलेली असल्यामुळे कपागणिक ती कमी करायची सोयच नसते. बिनसाखरेचा हवा तर वेगळा करून घ्यावा लागतो आणि गर्दीच्या वेळी तसं सांगायला माणूस संकोचतो. घरी आणि कचेरीत कपाला दोन चमचे हे अनेकांचं ठरलेलं प्रमाण. चमच्यात साधारण चार-पाच ग्रॅम साखर मावते. दिवसाला चार कप म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम साखर, आणि ‘मी गोड खात नाही’ असं सांगणारा माणूसही ती पितो.

आता मर्यादा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत भारतीयांसाठी हीच ५ टक्क्यांची, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची मर्यादा घातली. चार कप चहानेच ती ओलांडली जाते. अख्ख्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर यात धरत नाहीत, म्हणून केळं आणि पेरू यांना भ्यायचं कारण नाही.

दुसरा मार्ग बाटलीचा. कोलासारख्या पेयात दर १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरची बाटली म्हणजे सहा-सात चमचे. आंब्याच्या नावाने विकली जाणारी पेयं याहून मागे नाहीत. पातळ साखरेचा दोष असा की तिने पोट भरल्याची जाणीव होत नाही. लाडू खाल्ला तर माणूस पुढची पोळी कमी खातो, सरबत प्यायल्यावर मात्र जेवण तेवढंच जातं.

तिसरा मार्ग पुडक्यांचा. ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा साखर असते. टोमॅटो केचप, स्वादाचं दही, न्याहारीचे कुरकुरीत पोहे, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी या सगळ्यांत ती असते, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी आपण गोडात मोजतच नाही. चहाबरोबर चार बिस्किटं खाणाऱ्या माणसाला आपण गोड खाल्लं असं वाटत नाही. गोड खाल्ल्याचं समाधान पदरात पडत नाही आणि साखर तेवढी पोटात जाते. रोजच्या साखरेचं हे सर्वांत मोठं वैगुण्य.

शरीर काय करतं

साखरेचा रेणू पोटात दोन भागांत तुटतो : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तातून सगळ्या शरीराला पोचतं आणि त्याला पेशींत घ्यायला इन्सुलिन लागतं. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृत हाताळतं. ते वारंवार आणि भरपूर येत राहिलं की यकृत त्याची चरबी करून ठेवतं. अंगमेहनत करणाऱ्याच्या स्नायूंत साखर लगेच खर्ची पडते. दिवसभर बसून असणाऱ्याच्या शरीरात तिला जायला जागा उरत नाही.

मग गोड खाल्ल्यानेच मधुमेह होतो का? एवढं सरळ उत्तर नाही. आनुवंशिकता, पोटावरची चरबी, स्नायूंची कमतरता, बैठं काम, झोप, आणि पांढरा भात-मैद्यासारखी इतर कर्बोदकं या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. साखरेच्या पेयांचा आणि या आजाराचा संबंध मात्र अनेक अभ्यासांत सातत्याने दिसलेला आहे.

आपल्याबाबत एक गोष्ट वेगळी आहे, आणि ती पुण्यातून जगासमोर आली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं वजनाने कमी भरत होती, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त होतं. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, नेमका सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मेदाळ, असा आपला बांधा. म्हणून ‘मी कुठे जाड आहे, मला साखर चालते’ हा युक्तिवाद मराठी माणसाच्या बाबतीत टिकत नाही.

लहानपणीच्या साखरेचा परिणाम किती दूरवर जातो, याचा एक बोलका पुरावा ब्रिटनमधून आला. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं तिथलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३मध्ये उठलं आणि लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या हजारो लोकांच्या आयुष्यभराच्या आरोग्याची तुलना २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गर्भात आणि पहिल्या दोनेक वर्षांत रेशनची साखर वाट्याला आलेल्यांत पुढे मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचं सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की रेशनच्या काळात साखर शून्य नव्हती. ती होती, पण मापात होती.

दातांच्या बाबतीतला पुरावा तर आपल्या पानाच्या पद्धतीला दुजोरा देणारा आहे. १९४०च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना चिकट टॉफ्या खायला घालून दात किडू दिले गेले. तो प्रयोग अमानुष होता आणि आज कुणी त्याला परवानगी देणार नाही. त्यातून कळलं ते असं : जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने किडीत थोडीच भर पडली, जेवणांच्या मधे, पुन्हा पुन्हा खाल्लेल्या चिकट गोडाने ती झपाट्याने वाढली. तोंडातले जंतू प्रत्येक गोड घासागणिक आम्ल करतात आणि ते निवळायला लाळेला वेळ लागतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक चॉकलेट चघळणाऱ्या मुलाच्या दातांना हा वेळच मिळत नाही.

हे सगळं कळायला एवढा उशीर का झाला, यालाही एक इतिहास आहे. १९६७ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून हृदयविकाराचा सगळा रोख स्निग्ध पदार्थांकडे वळवला. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संघटनेने पैसे पुरवले होते, हे कागदपत्रांतून २०१६ साली बाहेर आलं. दरम्यानच्या काळात जगभर ‘लो फॅट’ पदार्थ निघाले आणि चव राखण्यासाठी अनेकांत साखर वाढवली गेली.

गूळ, मध आणि ‘शुगर फ्री’

साखर सोडली असं सांगणारे पुष्कळजण प्रत्यक्षात गुळाकडे वळलेले असतात. गेल्या काही वर्षांत गुळाच्या चहाच्या टपऱ्या गावोगाव निघाल्या त्या याच समजुतीवर. कोल्हापूरचा गूळ ही आपली अस्सल मिरास आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्याची चव साखरेला येणार नाही. पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. त्यात लोह असतं हे खरं, मात्र स्त्रियांची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम आहे आणि चमचाभर गुळातून येणारं लोह एक मिलिग्रॅमलाही क्वचितच पोचतं. लोहासाठी पालेभाजी, कडधान्यं आणि त्यावर लिंबू पिळणं बरं. गूळ चवीसाठी खावा, औषध म्हणून चमच्यामागून चमचे खाऊ नये. मधालाही हेच लागू. शिवाय एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवण्याची जुनी रीत सोडायलाच हवी, कारण त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. खजूर अख्खा खाल्ला तर चोथा तरी मिळतो, पण खजुराच्या लाडवांनाही मोजदाद हवी.

गोळ्या-थेंबांच्या कृत्रिम गोडव्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. ही शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. त्याच वर्षी अस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याची नोंद ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात झाली, मात्र शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. एखाद्या मधुमेह्याने चहात एक गोळी टाकली तर आकाश कोसळत नाही. पण सगळं तितकंच गोड ठेवून फक्त साखर बदलली, तर जिभेची सवय मात्र जिथल्या तिथेच राहते.

ओढ, बंदी आणि चोरून खाणं

गोडाची ओढ उपजत आहे. आईचं दूधच गोडसर असतं. या ओढीला ‘व्यसन’ म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उंदरांनी साखरेच्या पाण्यावर तुटून पडण्याची, व्यसनासारखी लक्षणं दाखवली, हे खरं. पण ती लक्षणं दिसली ती रोज १२ तास उपाशी ठेवून मग साखर दिलेल्या उंदरांत. म्हणजे आधी बंदी आणि मग मुभा, या चक्रात. माणसांच्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत साखरेचं व्यसन नाही. मात्र हे चक्र माणसांतही ओळखीचं आहे. एखादा पदार्थ कायमचा वर्ज्य ठरवला की मन त्याच्याभोवतीच घोटाळतं, एक दिवस बांध फुटतो, आणि ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणत माणूस गरजेच्या कितीतरी पट खातो.

याचं सर्वांत दुःखद रूप घरातल्या मधुमेही आजोबांच्या वाट्याला येतं. सून डबे वर ठेवते, मुलगा बोलतो, नातवंडं पहारा देतात. आजोबा दुपारी सगळे झोपल्यावर फ्रिजमधला पेढा काढून उभ्या उभ्या, घाईने, दोन घासांत संपवतात. त्यात चवही नाही आणि समाधानही नाही, उरते ती शरम. आणि साखर वाढायची ती वाढतेच. आज मधुमेहाच्या आहारात गोडावर सरसकट बंदी घातली जात नाही. एकूण कर्बोदकांच्या हिशेबात ते बसवायला सांगतात. डॉक्टरांना विचारून, एक वाटी भात कमी करून, गणपतीच्या दिवशी आजोबांच्या पानात सगळ्यांदेखत एक मोदक वाढला, तर तो चोरलेल्या तीन पेढ्यांपेक्षा शरीराला आणि मनाला कितीतरी बरा.

जीभ बदलते का? अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी तीन महिने साधी साखर ४० टक्क्यांनी कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून त्यांना तेच पुडिंग पूर्वीपेक्षा जास्त गोड लागू लागलं. त्याची आवड मात्र कमी झाली नाही. यात दिलासा आहे. साखर कमी केल्याने गोडाचा तिटकारा येत नाही, थोडक्यात भागायला लागतं.

साखरेचे उपकारही विसरू नयेत. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याची रक्तशर्करा एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखरेचं पाणी जीव वाचवतं. अशा माणसाने खिशात साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. आजही जुलाब झालेल्या मुलासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे अमृतच. अडचण आहे ती वेळ-काळ नसताना पोटात जाणाऱ्या साखरेची.

दोन वाद, एक सहमती

महाराष्ट्रात गेल्या दशकात आहारावर जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच पूर्वी झाली असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेला मार्ग म्हणजे दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं आणि मधे गोड चहाही घ्यायचा नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर घरच्या, स्थानिक, हंगामी अन्नावर आणि ते भीती न बाळगता खाण्यावर. दोन्ही बाजूंच्या अनुयायांनी हिरिरीने वाद घातले. माझ्या मते साखरेपुरतं पाहिलं तर दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळतात. दोन जेवणं पाळणाऱ्याच्या हातून मधल्या वेळची बिस्किटं, चहा आणि बाटल्या आपोआप सुटतात. घरचंच खाणाऱ्याच्या हातूनही त्याच गोष्टी सुटतात. फायदा झालेल्यांत या सुटलेल्या साखरेचा वाटा मोठा असावा.

घरात काय करता येईल

सुरुवात साखरेच्या डब्यापासून करावी. किराणा भरल्यावर डब्यावर तारीख लिहावी आणि डबा संपला की हिशेब करावा. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो साखर लागत असेल तर माणशी दिवसाला ३३ ग्रॅम झाली, आणि यात बाहेरचा चहा, बिस्किटं, केक काहीच धरलेलं नाही. हा एक आकडा डोळ्यांसमोर आला की उपदेशाची गरज उरत नाही.

पहिली कात्री पेयांना लावावी, कारण तिथे साखर सर्वांत जास्त आणि समाधान सर्वांत कमी. तहानेला पाणी, ताक, मीठ-जिरं घातलेलं कोकम, कमी गोड पन्हं. फळाचा रस काढण्याऐवजी फळ चावून खावं. मग चहा. एकदम बिनसाखरेचा चहा बहुतेकांना चार दिवसांत नकोसा होतो. दर पंधरवड्याला पाव-अर्धा चमचा कमी करत गेलं तर दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर येता येतं, आणि एखादा कपच कमी झाला तर उत्तम. अमृततुल्यवाल्याला ‘कमी साखरेचं एक पातेलं ठेवा’ असं दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं तर तोही ठेवील.

संध्याकाळी पाचची भूक हा बिस्किटांचा मुख्य आधार आहे. दुपारी जेवणात डाळ-उसळ, भाजी, दही पुरेसं असेल तर ती भूक सौम्य असते. तरीही लागलीच तर फुटाणे-शेंगदाणे, मोडाची उसळ, उकडलेलं अंडं, पेरू. अपुऱ्या झोपेनंतर गोडाची आणि तेलकटाची ओढ वाढते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. रात्री बारा-एकपर्यंत फोन बघणाऱ्याने साखरेशी झगडण्याआधी झोपेशी समेट करावा.

आणि जे गोड खायचं ते जेवणात, पानात, बसून, चवीने खावं. भाजी-आमटी आधी, गोड त्यांच्या सोबत किंवा नंतर. रिकाम्या पोटी खाल्लेल्या पेढ्यापेक्षा भरल्या जेवणात खाल्लेल्या पेढ्याने रक्तशर्करा सावकाश चढते. नंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली घातली तर आणखी बरं. श्रीखंडाची वाटी लहान घ्यावी, कारण शंभर ग्रॅम श्रीखंडात ४० ग्रॅमच्या आसपास साखर असते. आणि नावडतं गोड केवळ समोर आलं म्हणून खाऊ नये. आवडीचं एक चांगलं निवडावं, बाकीच्यांना हात जोडावेत.

आपल्याकडे खरी कसोटी लागते ती आग्रहात. पंगतीत ‘माझ्या हातची एक’ म्हणत वाढणं हे प्रेमच आहे आणि ते टिकायला हवं. पण आज पानावर बसलेल्या चौघांत कुणीतरी गोळ्या घेणारं असतं. काकू-मावश्यांनो, वहिनींनो, नको म्हटलं की एकदा विचारा, दुसऱ्यांदा नको. बारशाच्या जेवणात दोन गोडांऐवजी एक करा आणि ते मन लावून करा.

मुलांच्या बाबतीत दोन नियम पुरेत. दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ नको. त्या वयात बाळाला वरच्या गोडाची सवय नसते, आपणच ती लावतो. त्यानंतर गोड हे बक्षीस नको आणि शिक्षाही नको. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ या वाक्याने भाजी कामाची आणि चॉकलेट मोलाचं ठरतं. वर्गात वाढदिवसाला टॉफ्या वाटण्याऐवजी पेन्सिल किंवा एखादं रोप वाटायची पद्धत पडली तर पालकांच्या खिशालाही ती परवडेल.

बाजार आणि सरकार

सगळा भार एकट्या माणसाच्या निग्रहावर टाकणं न्यायाचं नाही. पुडक्यामागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. साखर पहिल्या तिघांत असेल तर तो पदार्थ गोडाचाच समजावा. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फळांचा कॉन्सन्ट्रेट हे तिचेच भाऊबंद. ‘अॅडेड शुगर’चा आकडाही छापावा लागतो, पण मागे आणि बारीक अक्षरांत. तो पुढे, ठळक आणि मराठीत छापला जावा, ही मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी.

काही पावलं पडली आहेत. मुलांच्या गोड पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ या विभागातून काढा, असं केंद्र सरकारने २०२४मध्ये ऑनलाइन दुकानांना सांगितलं. मे २०२५मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले : कोणत्या पदार्थात किती साखर आणि मुलांनी किती खावी याची माहिती देणारे फलक. राज्य मंडळाच्या प्रत्येक शाळेतही ते लागावेत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये साखरेच्या पेयांवर ‘ओआरएस’ हे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं नाव छापायला बंदी आली. एका डॉक्टरच्या चिकाटीने एवढं होऊ शकतं.

करांचं चित्र मात्र संमिश्र आहे. सप्टेंबर २०२५पासून गोड शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण बिस्किटं, चॉकलेट, केक आणि आइस्क्रीम यांच्यावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. शीतपेयात साखर किती आहे यावर कर ठरत नाही, त्यामुळे ती कमी करायला कंपन्यांना कारण उरत नाही. ब्रिटनने २०१८ साली दर १०० मिलिलिटरमधल्या साखरेवर कर ठरवला आणि कंपन्यांनी मुकाट्याने साखर उतरवली. हा धडा आपल्यालाही घेता येईल.

निवाडा

सगळा पुरावा समोर ठेवून म्हणता येतं ते एवढंच. गोड सोडायची गरज नाही. निरोगी माणसाला तर नाहीच, आणि बहुतेक मधुमेह्यांनाही वैद्याच्या सल्ल्याने त्याचा घास घेता येतो. सोडायची आहे ती सवयीने, न कळत, दिवसभर झिरपणारी साखर. वर्षातल्या वीस-पंचवीस सणांना मनापासून गोड खावं आणि उरलेल्या दिवसांत साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, हे मराठी घराला अशक्य नाही, कारण आपल्या आजी-पणजीचं घर असंच चालत असे. येत्या महिन्याचा किराणा भराल तेव्हा साखरेच्या डब्यावर तारीख लिहा, आणि घरातल्या सगळ्यांना तिचा हिशेब कळू द्या.